जोंधळ्याचं बाळ

"मग माझ्या हातात काय कमी आहे, मास्तर?"

मुलीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मास्तर तिसऱ्यांदाही अंगरख्यावरचा डाग खरवडत राहिले.

डाग गुलाबजामाच्या पाकाचा होता. कुठल्या तरी शाळेच्या नाटकातला सरदार तो अंगरखा घालूनच जेवायला बसला होता. आमच्या मंडळीत असं कुणी केलं असतं तर मास्तरांनी त्याला त्या दिवशी उघडाच रंगमंचावर पाठवला असता. आता मंडळी नाही. अंगरखे शाळांना भाड्यानं जातात आणि पाक, आमटी, पेनाची शाई, जे मिळेल ते घेऊन परत येतात.

कासिम मास्तर बारगीर. वय अठ्ठ्याहत्तर. नाटक मंडळीचा कपडेपट त्यांच्याकडे होता. म्हणजे राजाच्या शेल्यापासून भिकाऱ्याच्या ठिगळापर्यंत आणि मुकुटापासून खोट्या विंचवापर्यंत, नटाच्या अंगावर किंवा हातात जे जे दिसेल ते सगळं त्यांच्या हातचं.

मी वामन. त्याच मंडळीत प्रॉम्प्टर होतो. पस्तीस वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटली, त्यामुळे स्वतःचं बोलायची सवय गेली. मंडळी बंद पडून अकरा वर्षं झाली. रोज दुपारी मी मिरजेतल्या मास्तरांच्या खोलीवर येतो, दाराशी उजेडात बसतो आणि त्यांच्या सुयांत दोरे ओवून ठेवतो. त्यांना आता सुईचं भोक दिसत नाही. मला अजून दिसतं. एवढीच आमची मंडळी उरली आहे.

मुलीचं नाव मिताली रेडेकर. गडहिंग्लजची. वय तेवीस-चोवीस. नाट्यशास्त्राची पदवी घेतलेली, वेशभूषा आणि मंचसामग्री या विषयात पहिली आलेली. हे सगळं तिनं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं होतं.

"मंचसामग्री म्हणजे?" मास्तरांनी विचारलं होतं.

"प्रॉपर्टी."

"मग तसं म्हण की."

तिथपासून तिचा चेहरा उतरायला लागला होता.

"मास्तर, मी काहीतरी विचारतीय."

"ऐकलं मी." मास्तरांनी अंगरखा बाजूला ठेवला. "काय झालं ते सांग. पहिल्यापासनं सांग."

तिनं सांगितलं. सांगताना एकदाही थांबली नाही, म्हणजे मनातल्या मनात तिनं हे पुष्कळदा म्हटलेलं असावं.

पदवी हातात आल्यावर ती दीड वर्ष वणवण फिरली. कुणी म्हणालं, आम्ही कपडे भाड्यानं आणतो. कुणी म्हणालं, नटच आपापल्या घरून घालून येतात. कुणी नुसतंच कळवतो म्हणालं. शेवटी सांगलीच्या एका हौशी संस्थेनं काम दिलं. नाटकात एक आई आपलं तान्हं बाळ दुसऱ्या बाईच्या स्वाधीन करते. शेवटचा प्रवेश तोच. मितालीनं बाळ केलं.

"चाळीस दिवस लागले," ती म्हणाली. "दुसरं काही केलं नाही मी. जेवताना पण तेच डोक्यात."

"मग?"

"पडदा उघडला आणि लोक बाळाकडंच बघायला लागले. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, खरं आहे का गं? मला विंगेत ऐकू आलं. मला... मला बरं वाटलं, मास्तर. खोटं कशाला बोलू."

मास्तरांनी मान हलवली.

"मग तो शेवटचा प्रवेश आला. बाळ द्यायच्या आधी आईला रडू फुटतं. तिनं डोळे पुसायला एक हात काढला... आणि बाळ दुसऱ्या हातात धरलं. असं. वर्तमानपत्र धरतात तसं."

"मग?"

"लोक हसले."

तिनं वर धरलेला हात खाली घेतला.

"सगळं थिएटर हसलं. जिथं रडायचं तिथं हसले. पुढच्या प्रयोगाला दिग्दर्शकानं माझं बाळ घेतलंच नाही. टॉवेलची गुंडाळी घेतली. घरचा टॉवेल, निळ्या पट्ट्यांचा. टॉवेलला रडले, मास्तर. माझ्या बाळाला हसले आणि टॉवेलला रडले."

मी सुई खाली ठेवली. अशा वेळी विंगेत असतो तर पुढचं वाक्य पुटपुटलं असतं. इथे वही नव्हती.

"त्याला आठ महिने झाले," ती म्हणाली. "त्यानंतर एक काम नाही. कुणी फोन उचलत नाही. आई काही म्हणत नाही, तेच जास्त लागतं. आमच्या वर्गात अकराजण होतो, एकही या कामात राहिला नाही. मी पहिली आले होते."

"बाळ आणलंयस?"

तिनं पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढला. खोक्यात मऊ कागद, कागदात बाळ.

काय सांगू. पोरीच्या हाताला तोड नव्हती. झोपलेलं बाळ. ओठांच्या कोपऱ्याला दूध ओघळून सुकल्यासारखी चमक. टाळूवर निळसर शीर. मी आजवर एवढी नातवंडं पाहिली, पण हात लावायला जरा भ्यालोच.

मास्तरांनी बाळ डोळ्यांजवळ नेलं. त्यांना तसंच बघावं लागतं.

"पापण्या?"

"एकेक केस टोचून लावलाय."

"नखं पण हायत."

"हो." आवाजात जरासा ताठा परत आला. "पायाच्या बोटांना पण आहेत."

मास्तरांनी बाळ एका हातावर उडवलं आणि झेललं.

"अहो, जपून," मिताली पुढे सरकली. "सिलिकॉन आहे. पडलं की फाटतं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाळ उलटंसुलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"शिवण कुठं हाय?"

"शिवण नाही. साच्यात ओतून केलंय."

"उसवायचं कुठनं?"

"उसवायचं कशाला? आत काही नाही. नुसता फोम आहे. हलकं व्हावं म्हणून. आईचं काम करणाऱ्या बाईंचा हात दुखू नये."

"असं होय," मास्तर म्हणाले आणि बाळ खोक्यात परत ठेवलं. झाकण मात्र लावलं नाही.

मिताली वाट बघत होती. तिला काहीतरी हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एखादी चूक दाखवा, एखादी युक्ती सांगा, शिव्या द्या हवं तर. ती सरळ बसली होती, परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात तशी.

"मला ठेवून घ्या तुमच्याकडं," ती म्हणाली. "काही नको मला. शिकवा फक्त."

"कशात शिकवू? कपडेपट कुठं हाय आता? ह्या चार पेट्या. एकीत उंदीर झालेत."

"चालेल मला."

"मला चालत न्हाई. माणसाला पोहायला शिकवायचं तर आधी पाणी लागतं."

"मग मी काय करू? कोल्हापूरला एका साड्यांच्या दुकानात काम लागलंय मला. काचेतल्या पुतळ्यांना साड्या नेसवायच्या. सोमवारी हजर व्हायचंय. एकदा गेले की..." ती थांबली. "एकदा गेले की परत येणार नाही, मला माहीत आहे. म्हणून आले. तुम्हीच सांगा. हे सोडू का मी?"

मास्तरांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"सोड."

तिला वाटलं असावं की पुढे काही येईल. मलाही वाटलं. पण मास्तरांनी अंगरखा परत मांडीवर घेतला आणि नखानं डाग खरवडायला लागले.

मला त्यांचा राग आला. सेहेचाळीस वर्षांच्या ओळखीत इतका कधी आला नव्हता. पोर गडहिंग्लजहून बस बदलत आली, तोंडानं मागून घेतेय, तिला एक खोटं वाक्य द्यायला काय हरकत होती? होईल गं, चिकाटी ठेव, असं काहीही. नाटकवाल्याला खोटं बोलायचे कसले आले कष्ट.

मिताली रडली. आवाज न करता, मान खाली घालून, खोक्याच्या कडेवर बोट फिरवत. मग ओढणीनं तोंड पुसलं आणि खोक्याचं झाकण लावलं.

"येते मी."

"ये. पण जायच्या आधी एक काम करून जा," मास्तर म्हणाले. "तुझा हात थरथरत न्हाई. माझा थरथरतो."

त्यांनी हात पुढे करून दाखवला. खरंच थरथरत होता. वाऱ्यावर पान हलावं इतका नाही, पण कात्री धरवणार नाही इतका.

भिंतीला एका खुंटीवर झोळी टांगलेली होती. मास्तर भिंत धरून उठले, झोळीत दोन्ही हात घातले आणि आतलं गाठोडं अलगद बाहेर काढलं. जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन रंग गेलेलं. वर डोक्याचा गोळा, खाली अंग, बस्स. तोंड नाही, हात नाहीत, पाय नाहीत.

मला कळलं ते काय आहे. माझ्या हातातला दोरा तसाच राहिला.

मास्तरांनी ते मितालीपुढे धरलं. तिनं घेतलं.

घेताना तिचा डावा तळहात आपोआप डोक्याखाली गेला.

तिला ते कळलंही नाही. ती मास्तरांकडे बघत होती. मी मात्र हाताकडे बघत होतो, कारण एकतीस वर्षं मी विंगेतून तेच बघितलं होतं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच गाठोडं छातीशी घेतलं.

मास्तर भिंत धरून परत खाली बसत होते, म्हणून मला सांगावं लागलं.

आमच्या मंडळीचं एक नाटक होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी शत्रू वाड्यात शिरतो आणि राणी आपलं पाच दिवसांचं बाळ एका नावाड्याच्या हाती देते. सुरुवातीला बाळ म्हणून उशी होती. राणीचं काम करणाऱ्या सरलाबाई एक दिवस म्हणाल्या, मास्तर, तोंडानं मी खरं बोलते पण हात खोटं बोलतात.

मास्तरांची एक मावशी सुईण होती. मास्तर तिच्यामागून पाच घरं फिरले. प्रत्येक घरी बाळ हातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, परत द्यायचे. बाळंतिणी हसायच्या. मग खोलीवर येऊन हातावर जोंधळ्याची पिशवी. मूठभर घाल, मूठभर काढ. मी म्हटलं, तराजू आणून देऊ का? तर म्हणाले, तराजूला मान नसते.

अंगात जोंधळा भरला. डोक्यात नदीची बारीक वाळू. आणि मान मुद्दाम सैल शिवली. खाली हात नसला की डोकं मागे कलंडायचं. बघणारा जागेवरून अर्धा उठायचा.

"त्यानंतर सरलाबाईंना काही सांगावं लागलं नाही," मी म्हणालो. "नावाडी तर दर दोन वर्षांनी बदलायचा. त्यालाही कुणी शिकवलं नाही. राणीचा तळहात निघायच्या आत त्याचा तळहात खाली जायचा. त्या जागी नाटकात वाक्यच नव्हतं. माझ्या वहीत तिथं तीन टिंबं होती. मी आठ आकडे मोजायचो... आणि अख्ख्या थिएटरात कुणी खोकायचं नाही."

इतकं सलग मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो.

"याला तोंड नाही," मिताली हळूच म्हणाली.

"न्हाई," मास्तर म्हणाले. "तोंड सरलाबाईला दिसायचं. लोक सरलाबाईकडं बघायचे."

मिताली खाली मान घालून त्या कोऱ्या गोळ्याकडे बघत राहिली.

मंडळीत या गाठोड्याचा एक रिवाज होता, तोही मी तिला सांगितला. तलवारी पेटीत, मुकुट पेटीवर, आणि बाळ झोळीत. कुणी एका हातानं उचलायचं नाही, पडद्यामागेसुद्धा नाही. एकदा सेनापतीचं काम करणारा दौऱ्यात ते उशाला घेऊन झोपला. मास्तर त्याला काही बोलले नाहीत. पुढचे तीन महिने फक्त त्याच्या अंगरख्याचे बंद त्याचे त्याला बांधायला लावले. सेनापती दर प्रयोगाला बंद सुटतील या भीतीनं लढाई करायचा.

मिताली किंचित हसली. त्या दुपारी तेवढंच.

"अंग हलकं झालंय," ती म्हणाली. "डोक्याच्या मानानं."

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"किडा लागतो. जोंधळा हाय शेवटी. आतनं पोखरतो, पीठ होतं, पीठ शिवणीतनं झडतं. बाळ उपाशी राहिल्यागत उतरत जातं. मंडळी चातुर्मासात बसून असायची. तेव्हा उसवायचं, जुना दाणा काढायचा, नवा भरायचा, परत शिवायचं. दर वर्षी. गेल्या चातुर्मासात हात चालला न्हाई. ह्या वर्षी बी चालंना." त्यांनी तिच्यापुढे लहान कात्री सरकवली. "उसव."

ती कात्रीकडे बघत राहिली.

"मी?"

"पायाकडनं सुरुवात कर. डोक्याला हात लावू नको, वाळूला किडा लागत न्हाई."

तिनं कात्री उचलली. उजव्या हातात कात्री, डाव्या तळहातावर डोकं, मांडीवर अंग. टोक शिवणीपाशी नेलं. आणि थांबली.

"हे चिंधी आहे," ती म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच.

"हो."

"आत जोंधळा आहे."

"हो."

"मला सगळं माहीत आहे, मास्तर. मी असल्या वस्तू कशा करतात ते तीन वर्षं शिकले."

"शिकलीस की."

कात्री पुढे जाईना.

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागलो. आठ झाले, सोळा झाले. जुनी खोड.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"मला बी जमत न्हाई आता. मग कोण करणार? वामनराव?"

मी नकारार्थी मान हलवली. "मी तर ते उसवताना कधी बघितलंही नाही," मी म्हणालो. "मास्तर दार आतून लावून घ्यायचे." मंडळीत सगळे समजायचे की कामातली गुपितं कुणी बघू नयेत म्हणून. मीही तेच समजत होतो. त्या दिवशी पोरीचा चेहरा बघितला आणि दार का लावायचे ते कळलं.

"तसंच ठेवलं तर?"

"तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षी नुसती चिंधी. आत दाणा एक उरायचा न्हाई."

तिनं डोळे मिटले, उघडले. पहिला टाका कापला.

अगदी बारीक आवाज झाला. ती दचकली. मग दुसरा टाका, तिसरा. कसबी हात होता, कापड कुठे ओढलं गेलं नाही. चौथ्या टाक्याला पायाकडून पीठ गळायला लागलं. पांढुरकं, कुबट वासाचं. पिठात पोखरलेले दाणे, हातात घेतले तर चुरा होणारे. मास्तरांनी खाली ताट धरलं. ताट त्यांच्या हातात वाजत होतं.

ती रडत होती आणि उसवत होती. डोळे पुसायला तिनं हात काढला नाही. उजव्यात कात्री होती आणि डावा डोक्याखाली.

पाय संपले. पोट संपलं. छातीपाशी टाके जास्त दाट होते, तिथे तिला वेळ लागला. ती मधूनच थांबायची, टाक्यांवरून बोट फिरवायची, एकावर एक पडलेले जुन्या भोकांचे माग चाचपायची. नाटकाची एकतीस वर्षं आणि पुढची दहा, सगळी तिथे होती.

शेवटचा टाका मानेपाशी. तो तिनं सोडवला नाही. तिथेच थांबली.

ताटात राखेसारखा ढीग झाला. मांडीवर साडीचा रिकामा तुकडा पडला होता, आणि त्या तुकड्याच्या टोकाला तिच्या तळहातावर वाळूचं डोकं.

खोलीत पिठाचा वास पसरला.

माझ्यासमोर गादीत टोचलेल्या सहा सुया होत्या, दोरे ओवलेल्या. कोपऱ्यात नव्या जोंधळ्याचा डबा होता. मास्तरांनी तो कुणाकडून तरी आधीच भरून घेतला होता. मिताली येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग कुणाच्या हातानं शिवणार होते, देव जाणे.

"मास्तर," मिताली म्हणाली. आवाज बसला होता. "तुमचं नाटक बंद झालं."

"झालं."

"सरलाबाई?"

"गेल्या. सहा वर्षं झाली."

"नावाडी?"

"शेवटचा पुण्याला कुठं तरी वॉचमन हाय म्हणतात."

"म्हणजे हे आता कुणी उचलणार नाही."

"न्हाई."

"कुणी बघणार पण नाही."

"न्हाई."

"तरी मंडळी बंद पडल्यावरही वर्षानुवर्षं तुम्ही हे उसवलंत आणि परत शिवलंत. दार लावून. एकट्यानं."

"शिवलं."

"मला सोड म्हणालात." तिचा आवाज चढला. दुपारभरात पहिल्यांदाच ती चिडली होती, आणि मला ते आवडलं. "मला सोड म्हणायला तुम्हाला एक क्षण लागला नाही. काम नाही, नाटक नाही, पाणी नाही म्हणालात. मग तुम्ही का नाही सोडलंत? कशासाठी करत बसलात हे?"

मास्तरांनी ताटातला ढीग बोटानं सारखा केला.

माझ्या ओठांवर वाक्यं आली. चांगली होती. पस्तीस वर्षांत कुठल्या ना कुठल्या नाटकात मी ती पुटपुटलेली होती. कलेविषयी, निष्ठेविषयी, दिव्याविषयी. मी ती गिळली.

मास्तरांनी ताट खाली ठेवलं. हातावरचं पीठ झटकलं. मग ते मितालीच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. बोटं किंचित वळलेली, तळवा वर, वाळूचं डोकं त्यात नीट बसलेलं. अंग कधीच संपलं होतं.

"ठेव की मग ते खाली," मास्तर म्हणाले.